फुल चार्ज करून ठेवू नका

आषाढी एकादशीला चातुर्मास बसला की नांदगाव खंडेश्वरच्या फोटोवाल्यांचा सीझन आटोपतो. तुळशीचं लग्न लागेपर्यंत लग्नाची ऑर्डर जवळपास नाहीच. एखादं बारसं, गणपती-दुर्गादेवीच्या मिरवणुका, एवढंच काम. कॅमेरा पुसून बॅगेत जातो. लेन्सला बुरशी लागू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या टाकायला आता बहुतेक जण शिकलेत. बॅटरीची काळजी मात्र उलटी घेतली जाते. शेवटचं लग्न उरकून आलं की सगळ्या बॅटऱ्या फुल चार्ज करायच्या आणि ठेवून द्यायच्या, म्हणजे अचानक बोलावणं आलं तर तयारी असते. माझ्या मते याच सवयीपायी आपल्याकडे सर्वाधिक बॅटऱ्या वाया जातात.

कॅमेऱ्यातली बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. सोनीने १९९१ मध्ये ती बाजारात आणली आणि २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना याच बॅटरीसाठी मिळालं. वर ७.२ व्होल्ट छापलेलं असतं, पण आतल्या दोन सेलपैकी प्रत्येक सेल फुल चार्जला ४.२ व्होल्टपर्यंत चढतो. त्या ताणात आतलं रसायन नुसतं पडून असतानाही झिजत राहतं, आणि उष्णता ती झीज वाढवते. बॅटरीवाले सर्वसाधारण अंदाज देतात तो असा: २५ अंशांत वर्षभर फुल चार्ज ठेवलेल्या बॅटरीची ताकद ८० टक्क्यांवर येते, ४० टक्के चार्जवर ठेवलेलीची ९६ टक्के उरते. तापमान ४० अंश धरलं तर हेच आकडे ६५ आणि ८५ होतात.

आता आपला उन्हाळा आठवा. मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावावं लागलं होतं. पारा ४५ च्या पुढे असताना टिनाचं छत असलेल्या, शटर ओढलेल्या दुकानात किती तापत असेल, हे त्या दुकानात बसणाऱ्याला सांगायला नको. दोन तिथींच्या मधले आठ-दहा दिवस बॅटऱ्या तिथेच, फुल चार्ज होऊन पडलेल्या असतात. चिखलदऱ्याला प्री-वेडिंगला गेलं की उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून वाईट हाल. पावसाळ्यात जरा बरं असतं, पण ऑक्टोबरचं ऊन ऐन चातुर्मासातच पडतं.

म्हणून बॅटरी अर्ध्यावर आणून ठेवा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चाळीस ते साठ टक्के दिसले की पुरे. पूर्ण रिकामी करून ठेवणंही तितकंच घातक. सेलचं व्होल्टेज फारच खाली गेलं की आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं विरघळू लागतं. पुढे चार्ज करताना तेच तांबं भलत्या जागी बसतं आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. बॅटरी कॅमेऱ्यातून काढूनच ठेवा, कारण कॅमेरा बंद असला तरी थोडी वीज खात राहतो.

ठेवायची कुठे? दुकानात नको, घरी न्या. जुनं धाब्याचं, जाड मातीच्या भिंतींचं घर असेल तर त्याची मधली खोली सगळ्यात उत्तम. कूलरची खोली थंड असते, पण तिथली हवा ओली. तिथे ठेवायची तर घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलसह. फ्रीज मात्र टाळा, बाहेर काढल्यावर बॅटरीवर पाणी सुटतं. टर्मिनलवरची टोपी हरवली असेल तर प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत घाला. डब्यात किल्ल्या, नाणी, सुटे स्क्रू नकोत, दोन टर्मिनलना धातू टेकला की ठिणगी पडायला वेळ लागत नाही. फ्लॅशमधले पेन्सिल सेलही काढून घ्या, साध्या अल्कलाइन सेलमधून गळणारा क्षार फ्लॅशचे संपर्कबिंदू खाऊन टाकतो.

तपासायला पोळ्याचा दिवस चांगला. त्या दिवशी सगळ्या बॅटऱ्या एकदा बाहेर काढा, खाली गेल्या असतील तर पुन्हा अर्ध्यावर आणा. दसऱ्याला पूजेत मांडताना दुसऱ्यांदा बघा. फुल चार्जिंग लग्नाच्या आदल्या दिवशी, आणि ते जागेपणी. रात्री लाइट जाते-येते, व्होल्टेज वरखाली होतं, अशा वेळी स्वस्तातला नकली चार्जर भरवशावर सोडून झोपणं मला धोक्याचं वाटतं.

फुगलेल्या बॅटरीबद्दल मात्र काळजी घेऊन भागत नाही. ती दाबून कॅमेऱ्यात बसवायची नाही, टोचायची नाही, भंगारात किंवा घंटागाडीत टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तालुक्याच्या ठिकाणी एकट्या फोटोवाल्याने त्यांच्यापर्यंत पोचणं अवघड. तालुक्यातल्या फोटोग्राफरांनी मिळून एका दुकानात, आतल्या सावलीत, कोरड्या वाळूचा एक डबा ठेवावा, टर्मिनलला चिकटपट्टी लावून खराब बॅटऱ्या त्यात जमा कराव्यात आणि अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याला एकदमच उचलायला बोलवावं. यंदाच्या चातुर्मासात हातात वेळ आहे, तेवढ्यात यासाठी एक बैठक घेता येईल.