चित्रे नवी, डाव जुना

कोर्टाचा खेळ पाहायला सगळ्यांना आवडतो. नाटकात, सिनेमात, मालिकेत वकिलाने टेबलावर हात आपटला की प्रेक्षक सावरून बसतो. आता हा खेळ मोबाइलच्या पडद्यावरही आला आहे, आणि तिथे प्रेक्षक स्वतःच वकील होतो. शहापूर-मुरबाडच्या किशोरी गटांत काम करताना या खेळाबद्दल मुलींकडून ऐकायला मिळाले. मग मी तो समजून घेतला. ‘पोरांचा टाइमपास’ म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करू नये, असे माझे मत झाले आहे. कोर्टात काय चालते, साक्षीदार कशी असते, याची पहिली कल्पना पुष्कळ मुलामुलींना अशाच ठिकाणी मिळते.

या प्रकारातला सगळ्यांत गाजलेला खेळ जपानचा. कॅपकॉम कंपनीने तो २००१ साली काढला. शू ताकुमी हा त्याचा लेखक-दिग्दर्शक. इंग्रजीत तो ‘एस अटर्नी’ म्हणून ओळखला जातो. त्यात धावपळ, मारामारी नाही. चित्रे पाहायची, संवाद वाचायचे आणि बचाव पक्षाचा वकील म्हणून अशिलाला खुनाच्या आरोपातून सोडवायचे. हे जुने खेळ आता नवी रंगरंगोटी करून, एकत्र संच म्हणून पुन्हा विकले जात आहेत. पहिल्या तीन खेळांचा संच २०१९ साली आला, आणखी एक संच २०२१ साली, तर २०२४ या एका वर्षात दोन. चित्रे रेखीव झाली, पण खेळाचा नियम वीस वर्षांपूर्वीचाच राहिला.

तो नियम असा. साक्षीदार आपली हकीकत सांगते. तुम्ही तिचे एकेक वाक्य घेऊन तिला डिवचायचे. एखादे वाक्य हातातल्या पुराव्याशी जुळले नाही, की ‘हरकत आहे!’ असे ओरडून ते तिच्यासमोर टाकायचे. मग साक्षीदार गडबडते, घामाघूम होते, शेवटी कोसळते. ती कोसळली की सत्य बाहेर आले आणि तुम्ही जिंकलात.

खेळाला न्यायही दिला पाहिजे. जपानमध्ये खटला उभा राहिला की ९९ टक्क्यांहून अधिक आरोपींना शिक्षा होते. अशा देशात, सगळे विरोधात असताना आपल्या अशिलावर विश्वास ठेवणारा वकील नायक करणे ही धाडसाचीच गोष्ट आहे. खटला तीन दिवसांत संपवायचा, ही त्यातली घाईही न्यायव्यवस्थेची थट्टाच आहे. त्यातले खटले बहुतेक खुनाचे असतात आणि साक्षीदार खरोखरच काहीतरी लपवत असतात. माझी तक्रार त्या गोष्टींबद्दल नाही. खेळणाऱ्याच्या मनात जे मुरते, त्याबद्दल आहे: जबाबात विसंगती म्हणजे खोटेपणा, आणि साक्षीदाराला मोडले की सत्य मिळते.

मराठीला हा डाव नवा नाही. १९६७ साली ‘रंगायन’ने विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगभूमीवर आणले. अरविंद देशपांड्यांचे दिग्दर्शन होते आणि सुलभा देशपांडे लीला बेणारे झाल्या होत्या. गावात प्रयोगाला आलेली मंडळी वेळ घालवायला लुटुपुटीचे कोर्ट मांडतात, बेणारेबाईंवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवतात, आणि बघता बघता खेळातून त्यांचे खरे आयुष्य ओढून काढतात. ज्याला त्यांच्याबद्दल काहीच ठाऊक नाही तो सामंतसुद्धा कादंबरीत वाचलेले साक्ष म्हणून सांगतो आणि कोर्ट ते ऐकून घेते. संबंधित पुरुष प्रा. दामले तिथे हजरच नसतात, आणि त्यांना कोणी जाब विचारत नाही. जिंकण्यासाठी समोरच्या बाईला मोडायचे असा खेळ मांडला, की त्याचे काय होते, हे तेंडुलकरांनी तेव्हाच दाखवले.

आता आपल्या तालुक्यांत या. पाड्यावरच्या ठाकूर किंवा कातकरी बाईवर अत्याचार झाला, तर तिची हकीकत सर्वांत आधी कागदावर येते ती पोलीस ठाण्यात. ती आपल्या बोलीत सांगते आणि लिहिणारा पोलिसी मराठीत लिहितो. ‘भात लावणीच्या वेळी, सांज पडताना’ असे ती म्हणते, तर कागदावर तारीख आणि ‘सुमारे १९.३० वा.’ येते. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर तर कायद्याने तिची सहीही घ्यायची नसते. पण पुढे साक्षीच्या वेळी हाच कागद तिच्यासमोर धरून विचारतात, ‘तेव्हा असे सांगितले होते, आज वेगळे का सांगता?’ खालच्या न्यायालयांची भाषा १९९८पासून मराठी आहे, हे खरे. पण ठाकरी-कातकरीत विचार करणाऱ्या बाईला ती मराठीही परकीच. खेळात साक्षीदाराचे वाक्य तिचेच असते. इथे ते लेखनिकाचे असते आणि त्यातल्या विसंगतीची शिक्षा मात्र ती भोगते.

काळाचेही तसेच. बलात्काराचा खटला आरोपपत्रानंतर शक्यतो दोन महिन्यांत संपवावा, असे २०१३च्या दुरुस्तीपासून कायदा सांगतो. तारखा मात्र पडतच राहतात. गंभीर खटल्यासाठी कल्याण किंवा ठाणे गाठावे लागते. मुरबाडला अजून रेल्वे नाही. शहापूरच्या पाड्यावरून आधी आसनगाव किंवा कसारा स्टेशनपर्यंत यायचे, मग लोकल. दिवसाची मजुरी बुडते. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर गेले, तर समन्स रिकाम्या झोपडीच्या दारात येते. दरम्यान गावात ‘मिटवून टाका’ सुरू असते. एवढे सोसून ती साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहते आणि एखादी तारीख चुकते. मग ती खोटी ठरायची का?

हा प्रश्न चळवळीने पन्नास वर्षांपूर्वीच्या एका घटनेपासून विचारला आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध नव्हता, असा तो हिशेब होता. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी न्यायालयाला खुले पत्र लिहिले. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. ‘कोर्टाने मूक प्रेक्षक राहू नये’ असे सर्वोच्च न्यायालयाने गुरमीत सिंग खटल्यात १९९६ साली सांगितले. बाईचे चारित्र्य काढून तिची साक्ष पाडण्याची मुभा देणारे कलम २००२च्या दुरुस्तीने गेले. घटनेबद्दलचे उलटतपासणीचे प्रश्न न्यायाधीशांकडे लेखी द्यावेत, साक्ष देताना तिला पुरेशी विश्रांती मिळावी, हे ‘साक्षी’ संस्थेच्या याचिकेवर २००४ साली ठरले. २०२२ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, मुले आणि अत्याचारित स्त्रिया यांच्या साक्षीसाठी जिल्ह्याजिल्ह्यात वेगळी केंद्रे उभारण्याचा आदेश निघाला. यातला प्रत्येक बदल डावाचा नियम बदलणारा आहे.

म्हणून १ जुलै २०२४ला तिन्ही फौजदारी कायदे नव्या नावांनी लागू झाले, तेव्हा मला या रंगरंगोटी केलेल्या खेळांची आठवण झाली. नावे संस्कृत झाली, कलमांचे क्रमांक बदलले, ते पाठ करण्यात आपल्या शिबिरांचे तासच्या तास गेले. बाईच्या साक्षीबद्दलचे नियम मात्र बहुतांशी तेच आहेत. ते वाईट नाहीत, पण आपल्या तालुक्यांतल्या बाईपर्यंत ते पोचतात का, हा प्रश्न नव्या नावांनी सुटत नाही.

‘उलटतपासणीच नको’ असे आपल्यातल्या काही मैत्रिणी म्हणतात. मला ते पटत नाही. चोरीच्या नुसत्या संशयावरून उचलला जाणारा कातकरी तरुणही आपलाच आहे. त्याच्यासाठी नेटाने प्रश्न विचारणारा, त्याच्यावर विश्वास ठेवणारा वकील हवाच. प्रश्न जरूर विचारावेत. ते घटनेबद्दल असावेत, तिला समजतील अशा भाषेत असावेत, आणि मर्यादा ओलांडली की न्यायाधीशांनी थांबवावे.

यासाठी आपण काय करू शकतो? आपल्या शिबिरांत आपण कोर्टाचे नाटुकले करतो, पण त्यात सगळ्या मुलींना वकील व्हायचे असते. यापुढे मुख्य भूमिका साक्षीदाराची ठेवू या. खेळाची सुरुवात पोलीस ठाण्यापासून करू या. एकीने बोलीत सांगायचे, दुसरीने लिहायचे, आणि लिहिलेले वाचून दाखवल्याशिवाय पुढे जायचे नाही. फिर्याद वाचून दाखवणे आणि तिची प्रत फुकट देणे ही पोलिसांची कायदेशीर जबाबदारीच आहे. मग साक्षीच्या पिंजऱ्यात ‘प्रश्न समजला नाही’, ‘आठवत नाही’, ‘मला थोडे थांबायचे आहे’ ही तीन वाक्ये न घाबरता म्हणायचा सराव करू या. काय सांगायचे ते आपण तिला कधीही पढवायचे नाही. कसे उभे राहायचे, एवढेच शिकवायचे.

जोडीला दोन मागण्या लावून धरू या. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे तालुका विधी सेवा समितीने पाड्यापाड्यावर सांगावे. आणि साक्षीच्या दिवशी बोली जाणणारी व्यक्ती व प्रवासाचा खर्च, दोन्ही तिला मागावे न लागता मिळावेत.

खेळात साक्षीदार कोसळली की गोष्ट संपते आणि पुढचा खटला सुरू होतो. आपल्या बाईला त्या संध्याकाळी त्याच पाड्यावर परत जायचे असते, बहुधा आरोपीच्या घरावरूनच. ती ताठ मानेने परत जाईल, अशी साक्ष तिला देता आली पाहिजे.