सेना कोणाच्या भाकरीवर?

एखादा लहानसा प्रदेश मोठ्या सत्तेपासून फुटून निघतो, आपले सरकार जाहीर करतो आणि लगोलग सैन्य उभारतो. त्या सैन्याच्या बंदुका किती, याची चर्चा जगभर होते. ते कोणाच्या भाकरीवर जगते आणि कोणाला जाब देते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. नागोर्नो-काराबाखने तो पुन्हा पुढे आणला आहे. अझरबैजानपासून अलग झालेल्या या डोंगरी प्रदेशाचे सैन्य तीस वर्षे उभे होते. त्याची भिस्त आर्मेनियाच्या रसदीवर होती आणि पुढे रशियाच्या शांतिसैनिकांवर. २०२२ च्या डिसेंबरात लाचिनचा रस्ता अडला आणि २०२३ च्या सप्टेंबरात अझरबैजानने हल्ला करताच एका दिवसात शस्त्रे खाली ठेवावी लागली. एक लाखाहून अधिक माणसे घरदार सोडून गेली. ते सैनिक भित्रे नव्हते. त्यांच्या सामर्थ्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती.

रत्नागिरीच्या कार्यकर्त्यांना याच्या उलट उदाहरण शोधण्यासाठी सह्याद्रीची धार ओलांडली की पुरे. १९४३ साली तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. ते देशापासून फुटले नव्हते. परकी साम्राज्यापासून फुटले होते. औंध संस्थानातील कुंडल हे त्याचे एक केंद्र आणि तुफान सेना हे त्याचे सैन्य. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन राम लाड यांनी कुणब्यांच्या पोरांना कवायत शिकवली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वेगाडी अडवून पगाराची रक्कम हस्तगत करण्यात आली. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यातील चिमठाणे येथे सुमारे साडेपाच लाखांचा सरकारी खजिना चळवळीसाठी ताब्यात घेतला गेला. पश्चिमेस धारेपलीकडे ज्याच्या संगमेश्वर तालुका आहे, त्या मणदूरच्या डोंगरात किसन अहीर आणि नानकसिंग यांनी देह ठेवला.

पराक्रमाच्या या कथा पोवाड्यांतून घरोघर गेल्या. परंतु तुफान सेनेचे खरे बळ त्यांच्यामागे होते. गावाने भाकरी दिली, गावाने लपवले, आणि निवाडे गावच्या न्यायदान मंडळाने केले. सावकाराच्या घशातील जमीन सोडवणे, कमी खर्चात लग्ने लावणे, दारू बंद करणे ही त्या राजवटीची कामे होती. सेना त्या कामांची राखण करीत होती. इंग्रज महायुद्धात गुंतले होते, हे खरे. त्यांची सारी फौज या सेनेवर कधी चालून आली नाही, हेही खरे. शिक्षा देताना अतिरेक झाल्याचे आक्षेपही होते. ‘पत्री’ हे नाव त्यांचीच आठवण देते. तरीही १९४६ साली प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले आणि या सेनेने आपला कारभार आवरला. तिची खाजगी फौज झाली नाही. नाना पाटील १९५७ मध्ये मते मागून लोकसभेत गेले, बंदूक दाखवून नव्हे. हातातील शस्त्र वेळेवर खाली ठेवणे, ही लोकसेनेची सर्वांत अवघड कवायत होय.

हे शिक्षण आकाशातून पडले नव्हते. प्रतिसरकारच्या अनेक कार्यकर्त्यांची घडण राष्ट्र सेवा दलात झाली होती. १९४१ साली त्या दलाचे दलप्रमुख झालेल्या एस. एम. जोशींचे मूळ गाव रत्नागिरीजवळचे गोळप. दलाच्या मुलांवर ज्यांचा संस्कार झाला ते साने गुरुजी पालगडचे. शाखा, शिस्त आणि श्रमदान यांची बैठक आधी तयार होती, म्हणून शस्त्र हाती आल्यावर डोकी फिरली नाहीत.

आज कोकणात ‘सेना’ नावाच्या पाट्यांना तोटा नाही. निवडणूक आली की तरुणांचे जथे निघतात. त्यांचे पेट्रोल आणि जेवण ठेकेदाराच्या पैशाने येते. ज्याची भाकरी त्याचा हुकूम, हा नियम येथेही लागू पडतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर शेकडो पोलिसांसमोर बायाबापड्या रस्त्यावर आडव्या झाल्या, तेव्हा त्यांच्यापाशी ना ठेकेदार होता ना शस्त्र. ग्रामसभांचे ठराव होते आणि गावातून आलेली शिदोरी होती.

समाजवादी कार्यकर्त्याने यातून एवढाच बोध घ्यावा. लोकांचे बळ उभारायचे असेल तर आरंभ जथ्यापासून नव्हे, गावच्या सभेपासून झाला पाहिजे. वर्गणी गावाची, निर्णय गावाचा आणि स्वयंसेवक गावाला बांधलेला, ही तीन पथ्ये पाळली तर संख्या थोडी असली तरी चालेल. ती मोडली, तर कितीही मोठी सेना एका दिवसात विरून जाते.