फुलराणीचा अंतःपट

पुण्याच्या मंडईची इमारत घाटाने इंग्रजी आहे. १८८०च्या दशकात ती उभी राहिली, तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. पुढे ती महात्मा फुले मंडई झाली. बाहेरूनच तिचा उंच मनोरा पाहून ‘ही गॉथिक शैली’ एवढे म्हणून कोणी परत फिरला, तर त्याने मंडई पाहिली असे आपण म्हणणार नाही. बालकवींची (१८९०–१९१८) निसर्गकविता शिकवताना मात्र आपण नेमके हेच करतो. ‘इंग्रजी रोमँटिक कवींचा प्रभाव’, ‘निसर्गावर मानवी भावनांचा आरोप’, ‘चेतनगुणोक्ती’ असे तीन शिक्के मारले की विद्यार्थ्याचे उत्तर पूर्ण होते. कविता वाचायची राहून जाते.

‘फुलराणी’चेच पाहा. हिरवळीवरच्या एका कळीला संध्याकाळी सूर्यकिरण दिसतो आणि सकाळी तिचे त्याच्याशी लग्न लागते. वारा सनई वाजवतो, निर्झर पखवाज वाजवतात. हे सारे साहित्य इंग्रजी काव्यातून आलेले नाही, ते मराठी लग्नघरातले आहे. तरीही ही निसर्गावर चढवलेली नुसती सजावट असती, तर शिक्के पुरेसे ठरले असते. ते पुरत नाहीत याचे कारण अंतःपट. बालकवी तो दवाचा करतात. लग्नात अंतरपाट दूर व्हावा लागतो, तो माणसे धरतात आणि माणसेच काढतात. दवाचा पडदा मात्र ऊन येताच आपोआप विरतो. सकाळची नैसर्गिक घटना आणि विवाहविधीतला निर्णायक क्षण येथे एकच होतात. येथे आरोप कोणावर कोणाचा, हे सांगता येत नाही.

भाषेचेही तसेच. वराला बालकवी ‘रविकर’ म्हणतात. ‘कर’ म्हणजे किरण आणि ‘कर’ म्हणजे हातही. विवाहाला आपण पाणिग्रहण म्हणतो, हे आठवले की तो शब्द केवळ यमकासाठी आला आहे असे म्हणवत नाही.

या किल्लीने बालकवींची प्रत्येक कविता उघडेल, असा माझा दावा नाही. ‘औदुंबर’मध्ये लग्नही नाही आणि सोहळाही नाही. तेथे तर ‘हे कशाचे प्रतीक?’ या प्रश्नाची घाई अधिकच घातक ठरते.

निसर्गकविता कळायला शहरातला विद्यार्थी निसर्गापासून दूर पडला आहे, अशी तक्रार आपण नेहमी करतो. ती अर्धीच खरी आहे. लग्नसराईत मंडईजवळच्या फुलवाल्याकडून हार नेणाऱ्या मुलीला ‘फुलराणी’तले निम्मे जग आधीच ठाऊक असते. त्या हारातली फुले लग्नासाठी खुडलेली असतात. बालकवींची कळी देठावर राहूनच नवरी होते. हा फरक त्या मुलीला जितका जाणवेल, तितका तो अलंकाराच्या व्याख्येतून जाणवणार नाही. म्हणून परीक्षेत ‘अलंकार ओळखा’ असे विचारण्याआधी वर्गात एकदा विचारावे : अंतःपट दवाचाच का?