६५ किलोमीटर की ३८?

छात्र मित्रांनो, आपल्या जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत तयार होणारी धनुष तोफ १५५ मिलिमीटरची. तिचा पल्ला सुमारे ३८ किलोमीटर सांगितला जातो. आता अकरावीचे सूत्र घ्या. ४५ अंशांत डागलेल्या गोळ्याचा पल्ला म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण. हिशेबापुरता वेग सेकंदाला ८०० मीटर धरला, तर उत्तर येते ६५ किलोमीटर. आकडेमोड पुन्हा तपासा, चूक सापडणार नाही. मग मधले २७ किलोमीटर गेले कुठे?

सूत्राने हवा नाहीच असे गृहीत धरले होते. गणितात तेवढे पुरते. दिलेल्या गृहीतकांवरून पायरीपायरीने निष्कर्ष निघाला की काम झाले. भौतिकशास्त्र पुढे विचारते, आपण काय सोडून दिले, आणि ते सोडण्याइतके लहान होते का? इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ साली तोफविद्येवरील पुस्तकात दाखवले की वेगवान गोळ्याला हवेचा विरोध समजुतीपेक्षा कितीतरी जास्त असतो. आजही तोफखाना वारा, हवेचे तापमान आणि घनता, इतकेच काय, तोफेच्या दारूचे तापमानही हिशेबात घेतो.

म्हणून हे दोन विषय एकाच पद्धतीने शिकू नयेत, असे माझे मत आहे. एनडीएच्या परीक्षेत गणिताचा ३०० गुणांचा स्वतंत्र पेपर असतो. भौतिकशास्त्र मात्र ६०० गुणांच्या सामान्य क्षमता चाचणीत इतर विषयांबरोबर येते. त्यामुळे सूत्र पाठ करा, आकडे भरा, एवढ्यावरच त्याची बोळवण होते.

याचे सर्वांत वाईट रूप प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये दिसते. लंबकाच्या प्रयोगात ‘जी’ ९.८ आलाच पाहिजे, म्हणून आधी उत्तर लिहायचे आणि त्यावरून उलट वाचने रचायची. गणितात उत्तरावरून मागे जाऊन ताळा पाहणे ही चांगली सवय आहे. प्रयोगात तीच खोटी नोंद ठरते. उद्या ज्याला गस्तीचा अहवाल लिहायचा आहे, त्याने ही सवय आजच मोडावी. १०.९ आले तर १०.९ लिहा आणि कारण शोधा. दोलने शून्याऐवजी एकपासून मोजली, तर वीसऐवजी एकोणीसच होतात आणि ‘जी’ बरोबर तेवढाच फुगतो. हे एकदा स्वतः पकडलेत की कायमचे लक्षात राहील.

गणिताशिवाय भौतिकशास्त्र चालेल, असे मात्र कोणी समजू नये. उलट अडचण अशी की अकरावीच्या एनसीईआरटी पुस्तकात गतीचा धडा सुरुवातीलाच येतो, आणि त्याला लागणारे अवकलज गणिताच्या पुस्तकात शेवटाकडे. दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी मिळून वर्षारंभी आलेखाच्या चढावर दोन-तीन तासिका घेतल्या, तर मुलांचा बराच गोंधळ वाचेल.

पालकांनाही एक विनंती. सुट्टीत मुलगा घरी आला की गुणांबरोबर हेही विचारा, “प्रयोगात उत्तर किती आले, आणि का चुकले?” तो सांगू शकला, तर भौतिकशास्त्र शिकतो आहे असे खुशाल समजा.