पॉवर बँक, पेनड्राइव्ह घेताय? आधी आकडा तपासा

माझी मावशी गेल्या वर्षी काशी-प्रयागला जाऊन आली. बरोबर भजनी मंडळातल्या बाराजणी आणि तिची मोठी जाऊ. मावशीचा फोन ६४ जीबीचा. त्यातली निम्मी जागा सुप्रभातच्या फुलांनी आणि सणांच्या शुभेच्छांनी अडवलेली. म्हणून निघण्यापूर्वी घरच्या मुलांनी तिला ऑनलाइन एक पेनड्राइव्ह मागवून दिला. फोनलाच लागणारा, २ टीबीचा आणि किंमत फक्त ४९९ रुपये! मावशी खूश. रोज रात्री धर्मशाळेत परतल्यावर दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ ती पेनड्राइव्हमध्ये हलवायची आणि फोन पुन्हा रिकामा करायची.

घरी आल्यावर सगळे टीव्हीसमोर जमले. पहिल्या दोन दिवसांचे फोटो दिसले. पुढच्या फाइल्सची नावं होती, तारखा होत्या, पण उघडायला गेलं की नुसता करडा चौकोन. गंगाआरती गेली, संगमावरचे फोटो गेले. मावशीला सर्वांत जास्त लागलं ते एका व्हिडिओचं. पहाटे नावेत बसून मोठ्या जाऊबाईंनी अभंग म्हटला होता. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, गुडघे चालत नाहीत. पुन्हा काशी होणं नाही.

मावशी आठवडाभर म्हणत होती, ‘‘माझंच काहीतरी चुकलं असेल, मला कुठे कळतं मोबाइलमधलं!’’ तिचं काहीच चुकलं नव्हतं. पेनड्राइव्हच खोटं बोलत होता.

मोठी जागा, छोटी किंमत

पेनड्राइव्हच्या आत माहिती साठवणारी एक चिप असते आणि तिचा कारभार पाहणारी दुसरी. फोन विचारतो, ‘जागा किती?’ उत्तर ही कारभारी चिप देते. बनावट पेनड्राइव्हमध्ये साठवणारी चिप ८ किंवा १६ जीबीची असते, पण कारभाऱ्याला ‘२ टीबी सांग’ असं शिकवून ठेवलेलं असतं. खरी जागा भरली की पुढचे फोटो एकतर जुन्या फोटोंवरच लिहिले जातात किंवा कुठेच लिहिले जात नाहीत. फोनवर मात्र काम झाल्याचा संदेश येतो. जे कधी साठवलंच गेलं नाही, ते दुकानदार किंवा डेटा परत मिळवून देणाराही काढून देऊ शकत नाही.

म्हणून नवीन पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड आलं की पहिल्याच दिवशी ते पूर्ण भरून बघा. घरात विंडोजचा कॉम्प्युटर असेल तर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर संपूर्ण जागा भरून, परत वाचून खरं-खोटं सांगतं. कॉम्प्युटर नसेल तर फोनमधल्या मोठ्या व्हिडिओंचा एक फोल्डर जागा संपेपर्यंत पुन्हा पुन्हा कॉपी करा, मग सर्वांत पहिला आणि सर्वांत शेवटचा व्हिडिओ पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा. एक दुपार जाईल. जाऊ द्या. वस्तू परत करण्याची मुदत संपायच्या आत हे करा, म्हणजे झालं.

दुसरी सवय त्याहून महत्त्वाची. फोटो ‘मूव्ह’ करू नका, ‘कॉपी’ करा. पेनड्राइव्हवरचे पाच-सहा फोटो उघडून बघा आणि मगच फोनमधले पुसा. शक्य असेल तर तेही घरी पोहोचल्यावर.

खरंतर घरगुती वापराला २ टीबी लागतच नाही. फोरके व्हिडिओला फोन साधारण मिनिटाला १७० एमबी जागा घेतो. त्या हिशेबाने १२८ जीबीमध्ये बारा तासांचं चित्रण मावतं. एका टोकाला टाइप-सी आणि दुसऱ्या टोकाला नेहमीचं युएसबी असलेला पेनड्राइव्ह घेतला की फोन, लॅपटॉप आणि टीव्ही तिन्हींना चालतो. आयफोन १५पासून पुढच्या आयफोनलाही टाइप-सीच आहे. काही जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन ‘ओटीजी’ चालू करावं लागतं, नाहीतर पेनड्राइव्ह लावूनही काही दिसत नाही. आणि भरपूर जागा असतानाही एखादा लांबलचक व्हिडिओ कॉपी होत नसेल तर पेनड्राइव्ह जुन्या ‘फॅट ३२’ पद्धतीचा असणार. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट केलं की अडचण सुटते, पण फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं हे विसरू नका.

फोनमध्ये कार्डाची जागा असेल आणि फोनने ‘इंटर्नल स्टोरेज म्हणून वापरू का?’ असं विचारलं तर ‘नको’ म्हणा. तसं केलेलं कार्ड दुसऱ्या फोनमध्ये वाचता येत नाही. फोन बिघडला की फोटोही गेले.

मावशीला नंतर थोडा दिलासा मिळाला. नावेत बसलेल्या एका मैत्रिणीने अभंगाची चाळीस सेकंदं आपल्या फोनवर टिपली होती.

दहा हजार म्हणजे दहा हजार नव्हे

पॉवर बँकेतही आकड्यांचा घोळ असतोच, पण तो सगळाच फसवणुकीचा नसतो. डब्यावर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं, ते आतल्या सेलचं माप. सेल ३.७ व्होल्टचा आणि केबलमधून बाहेर येणारी वीज साधारणपणे ५ व्होल्टची. व्होल्ट वाढले की एमएएच घटतात. म्हणजे १०,०००चे ७,४०० झाले. त्यातही काही वीज उष्णतेत जाते, हाताला गरम लागतं ते हेच. त्यामुळे ५,००० एमएएच बॅटरीचा फोन दोनदा नाही, साधारण दीड वेळा भरतो. चांगल्या कंपन्या पाठीवर बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ छापतात. तोच खरा आकडा, चष्मा लावून तेवढा वाचाच.

भारतात विकल्या जाणाऱ्या पॉवर बँकेला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक वस्तूवर असतो. ‘बीआयएस केअर’ या सरकारी अॅपमध्ये तो टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते कळतं. फुटपाथवरच्या स्वस्त पॉवर बँकेवर क्रमांक नसेल तर ती उचलू नका. पेनड्राइव्हने फसवलं तर फोटो जातात, लिथियमच्या सेलने दगा दिला तर घर पेटू शकतं.

विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनच्या सामानात ती चालत नाही. मर्यादा १०० वॉट-अवरची आहे. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-अवरची भरते, त्यामुळे अडचण नाही. २७,०००च्या पुढे गेलात तर विमान कंपनीची परवानगी लागते. जानेवारी २०२५मध्ये दक्षिण कोरियात बुसानजवळच्या विमानतळावर उड्डाणाआधीच एक विमान पेटलं. प्रवासी वाचले, पण तपासात संशय आला तो डोक्यावरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेवर. तेव्हापासून अनेक कंपन्यांनी नियम कडक केले आहेत, म्हणून निघण्यापूर्वी आपल्या कंपनीचे नियम वाचून घ्या.

घरातही तिला उशीखाली घेऊन झोपू नका आणि वैशाखात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत विसरू नका. वापरात नसेल तर अर्धीअधिक भरून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा चार्ज करा. पूर्ण संपलेल्या अवस्थेत वर्षभर कपाटात पडली तर सेल खराब होतो. टेबलावर ठेवल्यावर ती डुगडुगायला लागली, म्हणजे पोट फुगलं असेल, तर तो तिचा शेवटचा दिवस. टोचू नका, दाबू नका, ‘एकदा शेवटचं लावून बघू’ म्हणून चार्जिंगलाही लावू नका. घंटागाडीच्या कचऱ्यातही नको, कारण गाडीत दाबली गेली की तिथेच पेट घेऊ शकते. ई-कचरा घेणारं केंद्र सापडेपर्यंत पत्र्याच्या डब्यात घालून गॅलरीत सावलीला, पडद्यांपासून लांब ठेवा.