लॅपटॉप पुण्याला गेला, घराचे काय?

बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागले, की सोलापुरातल्या मध्यमवर्गीय घरांत एक खरेदी हमखास निघते. मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला जाणार, तेव्हा त्याला लॅपटॉप हवा. वडील नवी पेठेत चौकशी करतात, पुण्याचा भाचा तपकीर गल्लीतला भाव कळवतो, आई बाजूला टाकलेले पैसे काढून देते आणि उरलेल्या रकमेचा हप्ता बांधला जातो. मग मुलगा हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसतो आणि त्याच्याबरोबर घरातला एकुलता एक संगणकही गाव सोडतो. मागे उरतात नववीतली बहीण, वडिलांच्या दुकानाचा हिशेब, आईचा बचत गट आणि सगळ्यांत मिळून एखाददुसरा मोबाइल.

माझे म्हणणे असे, की पैसे मोजके असतील तर पहिला संगणक घराचा घ्यावा आणि उरलेल्या पैशांत प्रवासाचा. आपण नेमके उलटे करतो. सगळी पुंजी प्रवासाच्या यंत्रात घालतो आणि घरासाठी ‘पुढे बघू’ म्हणतो. ते पुढे बघणे बहुतेक घरांत कधीच होत नाही.

२०१७-१८ मधल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्के आणि ग्रामीण कुटुंबांपैकी अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक आढळला होता. दोनच वर्षांनी, मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि या आकड्यांचा अर्थ घरोघरी कळला. एका मोबाइलवर दोन मुलांचे वर्ग एकाच वेळी कसे भरवायचे, हा प्रश्न तेव्हा किती आयांनी सोडवला असेल! आणि तो सोडवताना माघार बहुधा मुलीने घ्यायची, हेही आपल्याला नवे नाही. शाळा पुन्हा भरल्या आणि आपण तो धडा विसरून गेलो.

नेण्याआणण्याच्या यंत्राचे मोल पहिल्यापासूनच जास्त पडत आले आहे. १९८१ साली ॲडम ऑस्बोर्न याने अमेरिकेत ‘ऑस्बोर्न १’ हा उचलून नेता येणारा संगणक बाजारात आणला. या गृहस्थाचे बालपण तामिळनाडूत गेले आणि २००३ मध्ये अखेरही तिथेच, कोडाईकनालला झाली. त्याच्या यंत्राचे वजन सुमारे ११ किलो, पडदा पाच इंचांचा, आत बॅटरी नाही आणि किंमत १,७९५ डॉलर. तरी लोकांनी तो उचलला, कारण हलते यंत्र ही गोष्टच अपूर्वाईची होती. आज वजन दीड किलोवर आले, तरी व्यवहार तोच राहिला आहे. तेवढ्याच पैशांत टेबलावरचे यंत्र मोठा पडदा देते, ऐसपैस कीबोर्ड देते आणि त्याचा एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. लॅपटॉपचा कीबोर्ड गेला, की दुरुस्तीचे बिल बघून माणूस नव्या लॅपटॉपचा विचार करू लागतो.

मी बँकेत लागलो तो यंत्रांवरून वाद रंगण्याचा काळ. १९८३ साली बँकांचे व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांबाबत करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि मग शाखांमध्ये खातेवह्या लिहिणारी यंत्रे दिसू लागली. नोकऱ्या जातील म्हणून भीती होती, कुरबुरी होत्या. पण त्या यंत्राचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. ते शाखेचे होते, कुणा एका कारकुनाचे नव्हते. आधी एक जण शिकला, मग शेजारचा, मग तिसरा. निवृत्तीला टेकलेले हेडकॅशिअरसुद्धा एक दिवस त्याच्यासमोर बसले. मधोमध ठेवलेले यंत्र माणसांना शिकवते. बॅगेत राहणारे यंत्र बॅगवाल्यालाच शिकवते.

आता थोडा हिशेब. आयकराच्या गणितात संगणकावर दरसाल ४० टक्के घसारा धरतात आणि फर्निचरवर १०. म्हणजे ५०,००० रुपयांचे यंत्र वहीत पहिल्या वर्षाअखेर ३०,०००, दुसऱ्या वर्षाअखेर १८,००० आणि तिसऱ्या वर्षाअखेर १०,८०० रुपयांवर येते. अशा झपाट्याने उतरणाऱ्या वस्तूसाठी दोन वर्षांचे कर्ज काढणे मला पटत नाही. ‘शून्य टक्के व्याज’ या पाटीला तर भुलूच नये. असे काही नसतेच, ते व्याज दुसऱ्या नावाने वसूल होते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सुनावले होते. रोख दिल्यास किती सूट, एवढा एक प्रश्न दुकानदाराला विचारला तर ते व्याज कुठे दडले आहे ते कळते.

भाव आज एक, उद्या एक. म्हणून रक्कम सांगत नाही, प्रमाण सांगतो. दहा रुपये असतील तर सहा घराच्या यंत्रावर खर्च करावेत आणि चार प्रवासाच्या. घरासाठी मोठ्या कचेऱ्यांतून निघालेला, तपासून विकलेला डेस्कटॉप पुष्कळ झाला. त्यात आठ जीबी मेमरी आणि एसएसडी असावी. एक मात्र पाहावे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. त्यामुळे जुनी यंत्रे स्वस्तात गळ्यात मारली जातात. लेखन, हिशेब आणि इंटरनेट एवढेच काम असेल, तर अशा यंत्रावर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली उत्तम चालते. पण मग किंमतही त्या मानाने कमी करून घ्यावी. उरलेल्या पैशांत छोटा यूपीएस घ्यावा. आपल्याकडे वीज जाते आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून यंत्र भिंतीला चिकटवून किंवा कपाटात कोंडून ठेवू नये.

प्रवासाचा लॅपटॉप जुना, हलका, चौदा इंचांपर्यंतचा असावा. त्यात फिरती हार्ड डिस्क नको, एसएसडीच हवी, कारण तिच्यात हलणारे भाग नसतात आणि गाडीतले हादरे तिला सोसतात. बॅटरी दुकानातच तासभर चालवून पाहावी. आणि कुठल्याही कामाची एकमेव प्रत त्याच्यावर ठेवू नये. तो पडतो, विसरतो, चोरीला जातो. मी कादंबरी घरच्या यंत्रावर लिहितो. प्रवासात जुन्या लॅपटॉपवर टिपणे काढतो आणि घरी आल्यावर उतरवून घेतो. दोन्हीकडे मराठीसाठी युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड ठेवला, की मजकूर इकडून तिकडे नेताना अक्षरांचे कडबोळे होत नाही.

कुणी म्हणेल, एकच चांगला लॅपटॉप घ्यावा आणि घरी आल्यावर मोठ्या पडद्याला जोडावा. एकटा माणूस असेल किंवा रोज संध्याकाळी घरी परतणारा असेल, तर ही सोय खरोखरच उत्तम. पण सुट्टीतच घरी येणाऱ्या मुलाच्या लॅपटॉपचा घराला काय उपयोग? दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. स्थापत्य, यांत्रिकी किंवा वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याला आराखड्यांसाठी दणकट यंत्र लागते. ते खरे आहे. मात्र ते पहिल्याच वर्षी लागते का, कॉलेजच्या प्रयोगशाळेत भागते का, हे वरच्या वर्गातल्या मुलांना विचारून मगच पैसे मोजावेत. तोवर साध्या यंत्रावर काम चालते आणि घराची चूलही पेटती राहते.

कर्जाचा अर्ज समोर आला, की आम्ही पहिल्यांदा विचारायचो, वस्तू कोण वापरणार आणि तिच्यातून काय उभे राहणार? संगणकाच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून हाच प्रश्न कागदावर मांडावा. एका रकान्यात नावे, दुसऱ्यात रोजचे तास. आजीने नातवंडांशी व्हिडिओवर बोलण्याचा अर्धा तासही त्यात धरावा, बचत गटाच्या नोंदींचाही. बेरीज करावी आणि जिकडे माणसे आणि तास जास्त, तिकडे आधी पैसे द्यावेत. एवढ्या हिशेबाला बँकेतला अनुभव लागत नाही.