खोट्या आरोपाचे आयुष्य

महाडहून रायगडाकडे निघाले की गडाच्या अलीकडे पाचाड लागते. बहुतेक मंडळी तेथे जिजाऊंच्या समाधीपाशी क्षणभर थांबतात, माथा टेकवितात आणि गडाची वाट धरतात. ६ जून १६७४ रोजी पुत्राच्या मस्तकी छत्र धरलेले पाहून अवघ्या अकरा दिवसांनी त्या माउलीने येथे देह ठेवला. पुढे त्याच गडावर १६ जानेवारी १६८१ रोजी संभाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. महाराष्ट्रातील दोन सर्वांत मोठ्या बदनाम्यांचा या परिसराशी असा संबंध आहे. तिसरीही एक आहे, ती खुद्द महाड शहरातील. पण तिच्याविषयी बोलताना आपला आवाज जरा खाली येतो.

संभाजी महाराजांपासून आरंभ करू. ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने त्यांचा वध केला. त्यानंतर जवळजवळ सव्वाशे वर्षांनी, १८१० च्या सुमारास, मल्हार रामराव चिटणिसांनी बखर लिहिली. आजही जनमानसात असलेला 'व्यसनी, विलासी, उतावळा' संभाजी मुख्यतः या बखरीतून आला. लेखक ज्या घराण्यातले, त्या घराण्याचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये कटाच्या आरोपावरून देहान्त शासन केले होते. म्हणून बखरीतील अक्षर नि अक्षर खोटे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या घराची फिर्याद आहे, त्याच घरातील माणसाने सव्वाशे वर्षांनी दिलेली साक्ष कोणताही न्यायाधीश पुराव्यावाचून ग्राह्य धरणार नाही. आपण मात्र ती दीडशे वर्षे ग्राह्य धरली. विशेष असे की, त्याच बाळाजींचे पुत्र खंडो बल्लाळ यांनी पित्याचे दुःख गिळून संभाजी महाराजांची आणि त्यांच्यामागे राजाराम महाराजांची निष्ठेने सेवा केली. पुत्राने जे पोटात ठेवले, ते काही पिढ्यांनंतरच्या वंशजाच्या लेखणीतून बाहेर आले.

पुढचे काम रंगभूमीने आणि पडद्याने केले. गडकऱ्यांचे अपुरे राहिलेले 'राजसंन्यास', औंधकरांचे 'बेबंदशाही', १९४१ चा 'थोरातांची कमळा' हा चित्रपट. यांतल्या कोणाच्या मनात राजाचा द्वेष होता असे नाही. नाट्य रंगावयाचे तर नायकाला दोष हवा, आणि दोष तर बखरीत आयता मिळत होता! प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या, घरोघर त्या गोष्टी सांगितल्या गेल्या. 'जगला कसाही असो, मेला मात्र तेजस्वीपणे,' हे समीकरण आपल्याही वर्तुळातल्या व्याख्यानांतून अनेकांनी ऐकले असेल. ते ऐकताना आपली छाती अभिमानाने भरून येत असे. त्या वाक्याचा पूर्वार्ध म्हणजे निखळ निंदा आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नसे. स्तुतीच्या पोटात दडून आलेली निंदा अशीच निर्वेध फिरते.

वास्तविक हा राजा संस्कृतज्ञ होता. 'बुधभूषण' हा त्याचा ग्रंथ. गादीवर आल्यापासून सुमारे आठ वर्षे मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज अशा तीन आघाड्यांवर तो लढत होता. १६८२ मध्ये जंजिऱ्याला त्याचा वेढा होता, १६८३ मध्ये गोव्यावर त्याची स्वारी. विलासात बुडालेल्या माणसाचे हे वेळापत्रक नव्हे. पण हे सांगणार कोण? ते सांगितले वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी. दफ्तरे धुंडाळण्यात या माणसाने आयुष्याची सुमारे चाळीस वर्षे वेचली आणि १९६० मध्ये त्यांचा संभाजी चरित्राचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पाठोपाठ डॉ. कमल गोखले यांचे संशोधन आले. मग शिवाजी सावंतांची 'छावा' कादंबरी १९७९ मध्ये घरोघर पोहोचली. बेंद्र्यांनी मोर्चा काढला नाही, कोणाची पुस्तके जाळली नाहीत. त्यांनी कागद वाचले आणि कागदांपुढे बखर उभी केली. एका घराण्याचा राग उतरावयास एका संशोधकाचे अर्धे आयुष्य लागले, हा हिशेब मनाला चटका लावणारा आहे.

पाचाडच्या समाधीकडे पाहताना दुसरे प्रकरण आठवते. जेम्स लेन या अमेरिकी अभ्यासकाचे शिवरायांवरील पुस्तक २००३ मध्ये आले. त्यात जिजाऊंच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविणारा, कसलाही आधार नसलेला मजकूर 'लोक असा विनोद करतात' अशा आवरणाखाली छापलेला होता. त्या मजकुराची येथे पुनरुक्ती करीत नाही. निषेधाच्या नावाखाली घाण पुन्हा पुन्हा चिवडणे हाही बदनामीचाच एक प्रकार आहे. पुण्यातील इतिहास संशोधकांनी सनदशीर मार्गाने जाब विचारला आणि नोव्हेंबर २००३ मध्ये प्रकाशकांनी पुस्तक भारतातून मागे घेतले. विषय तेथे संपावयास हवा होता. पण डिसेंबरमध्ये डॉ. श्रीकांत बहुलकर या संस्कृत पंडिताच्या तोंडाला काळे फासले गेले. त्यांचा अपराध एवढाच, की पुस्तकाच्या ऋणनिर्देशात त्यांचे नाव होते. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. दुर्मीळ ग्रंथांची, पोथ्यांची नासधूस झाली. एका मातेच्या खोट्या बदनामीचा सूड एका निरपराध विद्वानाच्या खोट्या बदनामीने घेतला गेला! ज्या कागदांच्या बळावर पुढचा एखादा बेंद्रे पुढची निंदा खोडून काढणार, त्या कागदांवरच घाव घातला गेला.

कायद्याचा मार्ग नाही असे थोडेच आहे? जुन्या दंडविधानाचे ४९९ आणि ५०० हे कलम आपणांस ठाऊक आहे. १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी भारतीय न्याय संहितेचे ३५६ वे कलम आले. दिवंगत व्यक्तीविषयी केलेला आरोपही आप्तांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केला असेल, तर तो अब्रुनुकसानी ठरू शकतो, ही जुनी तरतूद नव्या कायद्यातही आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिष्ठा हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पण कायद्याची चाल आणि जिभेची चाल यांत फार अंतर आहे. माझ्या परिचयातील एका गृहस्थांवर गावच्या पतपेढीतील पैशांचा आळ आला. लेखापरीक्षण झाले, एका पैचाही घोळ निघाला नाही. अहवाल कपाटात गेला आणि आळ पारावर राहिला. त्यांच्या मुलीचे स्थळ पाहावयास आलेल्यांनी 'त्या पैशांचे काय झाले हो?' असे विचारले, तेव्हा त्या माउलीने आतल्या खोलीत जाऊन डोळे पुसले.

आता महाड शहरातील ती तिसरी गोष्ट. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासमवेत परिषदेस आलेले हजारो बांधव चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ही सवर्ण मंडळी बाबासाहेबांच्या बाजूने उभी होती, हे आपण आवर्जून सांगतो आणि सांगावयासच हवे. पण त्यानंतर दोनच तासांनी जे घडले, ते आपण एका वाक्यात उरकतो. गावात आवई उठली की, 'हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार.' ती खोटी होती. तसा कोणताही बेत परिषदेत ठरलेला नव्हता. तरीही जमाव जमला, लाठ्या निघाल्या. मंडपात कोणी जेवत होते, कोणी गावाकडे परतण्याच्या तयारीत होते, त्यांना मारहाण झाली. आपल्या अनुयायांच्या हाताला त्या वेळी बाबासाहेबांनी आवर घातला नसता, तर महाडच्या रस्त्यांवर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही.

संभाजी महाराजांची निंदा एका रागावलेल्या घराण्याने केली आणि जिजाऊंची एका परक्या अभ्यासकाने, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. येथे तशी सोय नाही. ही अफवा आपल्याच समाजबांधवांविरुद्ध आपल्याच गल्लीत उठली, आणि देवाचे नाव पुढे करून उठली. वीरेश्वर हे महाडचे ग्रामदैवत. महाशिवरात्रीच्या सुमारास त्याचा छबिना निघतो. त्या दैवताला कोणापासून भय नव्हते. भय दाखवून जमाव उभा करणाऱ्याला मात्र त्याचे नाव सोयीचे होते.

आज तीच आवई खिशातल्या मोबाइलमध्ये येते. 'अमक्याने देऊळ बाटविले', 'तमक्याने पैसे खाल्ले'. खरे असेल तर पुरावा कोठे आहे, हा प्रश्न विचारण्याआधी आपले बोट पुढच्या दहा जणांना ते पाठवून मोकळे झालेले असते. निवडणुकीच्या दिवसांत तर विरोधकावरील प्रत्येक आरोप आपल्याला खराच वाटतो. मी स्वतः एकदा असा एक निरोप पुढे धाडला होता. तो खोटा निघाल्याचे कळल्यावर खुलासा पाठविला. पहिला निरोप किती जणांनी पुढे नेला याची गणती नव्हती. खुलासा मात्र दोघांनीच वाचल्याचे दिसले. चिटणिसांच्या बखरीला नावे ठेवणाऱ्या हातांनी दिवसाकाठी अशा चार बखरी लिहाव्यात, याला काय म्हणावे?

१९२७ च्या त्या दंग्याबद्दल जूनमध्ये पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठराव फिरविला, डिसेंबरमध्ये तळ्याचा वाद दिवाणी न्यायालयात गेला आणि उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. तळ्याचा हक्क सिद्ध व्हावयास दहा वर्षे लागली. देवळाची आवई खोटी होती, हे त्या संध्याकाळीच कळण्यासारखे होते. कोणी मंडपात जाऊन विचारले असते तर. रायगडाची सहल आखणाऱ्या मंडळींना एवढेच सुचवावेसे वाटते की, परतीच्या वाटेवर चवदार तळ्यापाशी थांबावे, तेथून वीरेश्वराच्या देवळापर्यंत मुलांसह पायी जावे आणि त्या दोन तासांची हकिगत त्यांना अफवेसकट सांगावी.